विरजण घरचेच आहे : गावचे सांडपाणी आणि मातीतील सूक्ष्मजीव

गावात नळ आला, ही समाधानाची गोष्ट होय. ज्या माउलीला डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालावे लागे, तिच्या दारी पाणी आले. परंतु दारी आलेले पाणी वापरून झाल्यावर कोठे जाते, हा प्रश्न पुष्कळ गावांनी अद्याप स्वतःस विचारलेला नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले. दोन हजार वस्तीच्या गावात या मानाने रोज १,१०,००० लिटर पाणी येते, आणि त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश, म्हणजे ८०,००० लिटरांच्या आसपास पाणी, मोऱ्यांतून व न्हाणीघरांतून पुन्हा बाहेर पडते. उघड्या गटारातून ते वेशीबाहेरच्या ओढ्यात उतरते, खोलगट जागी साचते, काळे पडते आणि नासते. पुष्कळदा त्याच ओढ्याच्या काठी गावची विहीर असते, गुरे त्याच ओढ्यावर पाण्यास जातात, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर भाजीचे वाफे भिजविले जातात. पाणी आणण्याचे कष्ट संपले. पाणी नासण्याचे दुःख मात्र वाढले.

अशा वेळी घाण खाणाऱ्या जीवाणूंची बाटली किंवा भुकटीची पुडी विकणारा गावात येतो. ती ओढ्यात ओतावी, दुर्गंधी जाईल, पाणी निवळेल आणि डास नाहीसे होतील, असे तो सांगतो. खड्डे खणावयास नकोत, जागा द्यावयास नको आणि कोणाशी वाद घालावयास नको, म्हणून पंचमंडळींनाही ही युक्ती सोयीची वाटते. स्वच्छतेसाठी राखलेला निधी मग अशा बाटल्यांवर खर्च होतो. चार दिवस दुर्गंधी कमी झाल्यासारखी वाटते आणि महिन्याभराने ओढा पूर्ववत् काळा होतो.

विक्रेत्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. सूक्ष्मजीव घाण खातात, हे खरे. परंतु ते विकत आणल्याने घाण नाहीशी होते, हे खरे नाही. सूक्ष्मजीव गावात पूर्वीपासूनच आहेत. उणीव आहे ती त्यांना काम करता येईल अशा व्यवस्थेची. ग्रामपंचायतीने आपला पैसा व श्रम बाटलीवर न घालता या व्यवस्थेवर घालावेत, हेच हिताचे होय.

घाण नाहीशी होते म्हणजे काय

‘जंतू’ हा शब्द ऐकला की रोगराईचेच स्मरण होते. वास्तविक रोग उत्पन्न करणारे जंतू थोडे. बाकीचे असंख्य सूक्ष्मजीव निसर्गाची झाडलोट करीत असतात. शेतातील काडीकचरा कुजतो, शेणाचे खत होते, मेलेले पान मातीत मिसळते, हे सारे त्यांचेच कार्य. निरोगी शेतजमिनीच्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. मोरीच्या पाण्यातील अन्नकण, तेलकटपणा, साबण व मळ हे त्यांचे खाद्य होय. ते खाऊन त्यांची वाढ होते, आणि घाणीचे रूपांतर कर्बवायू, पाणी व थोडा गाळ यांत होते.

परंतु हे पचन वेगाने व दुर्गंधीविना होण्यास प्राणवायू लागतो. गावातील सांडपाण्याच्या दुःखाचे मूळ येथेच आहे. ३० अंश सेल्सियस उष्णतेस एका लिटर पाण्यात जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरातील घाण पचविण्यासाठी मात्र सामान्यतः २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायूची गरज असते. म्हणजे पाण्याजवळची शिदोरी गरजेच्या पंचविसाव्या हिश्शाहून अधिक नाही. साचलेल्या डबक्यात ही शिदोरी थोड्याच वेळात संपते. मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जीवाणू कामास लागतात. त्यांचे पचन मंद असते, आणि त्यातून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू निघतो. ओढा काळा पडून घाण येऊ लागला तर त्यात सूक्ष्मजीव नाहीत असे समजू नये. त्यांची तेथे गर्दी आहे. ते गुदमरलेले आहेत. गुदमरलेल्या गर्दीत आणखी बाटलीभर जीव सोडून काय साधणार?

मँचेस्टरचे विरजण

सांडपाणी शुद्ध करण्याच्या आधुनिक शास्त्रातील एक मोठा शोध या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फौलर यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यातून हवा सोडण्याचे प्रयोग केले. प्रथम पाणी पूर्णपणे शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. इतका काळ थांबणे कोणत्याही शहरास परवडणारे नव्हते. त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळलेले पाणी ओतून दिले, तळाशी बसलेला गाळ मात्र तसाच ठेवला, आणि त्यावर नवे सांडपाणी घालून पुन्हा हवा सोडली. असे वारंवार केल्यावर आठवड्यांचे काम तासांवर आले. १९१४ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. आज जगातील असंख्य शहरांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे याच तत्त्वावर चालतात. फौलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक झाले आणि आपल्या देशातही त्यांनी या विद्येचा प्रसार केला.

आपल्या घरातील गृहिणीस या शोधाचे नवल वाटणार नाही. ती आदल्या दिवशीच्या दह्यातील चमचाभर राखून ठेवते आणि त्याचेच विरजण दुधास लावते. मँचेस्टरच्या गाळात तेच घडले. त्या पाण्याची सवय झालेले जीवाणू गाळात टिकले आणि नव्या पाण्यावर तुटून पडले. विरजण बाहेरून आणलेले नव्हते. ते त्याच सांडपाण्यातून तयार झाले होते. आर्डर्न व लॉकेट यांनी फक्त दोन गोष्टी पुरविल्या : भरपूर हवा आणि राखून ठेवलेला गाळ. वाहत्या ओढ्यात बाटली ओतली तर यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. हवा वाढत नाही, आणि ओतलेले विरजण पाण्याबरोबर पुढच्या गावी निघून जाते.

अलास्काच्या किनाऱ्यावरील परीक्षा

बाहेरून आणलेले जीवाणू श्रेष्ठ की जागचे, याची एक मोठी परीक्षा अमेरिकेतील अलास्का प्रांतात झाली. मार्च १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ नावाचे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर खनिज तेल समुद्रात सांडले. किनाऱ्यावरील गोट्यांवर तेलाचे थर बसले. तेथील शास्त्रज्ञांना असे आढळले की, तेल खाणारे जीवाणू त्या किनाऱ्यावर आधीच आहेत. पण तेलात कर्ब विपुल असला तरी नत्र व स्फुरद जवळजवळ नाही, म्हणून त्यांची वाढ खुंटली आहे. किनाऱ्यावर नत्र व स्फुरदयुक्त खत फवारले तेव्हा तेल नाहीसे होण्याचा वेग स्पष्ट वाढला. १९९० साली विकतच्या जीवाणूंचीही तेथे चाचणी झाली. केवळ खत घातलेल्या पट्ट्याहून जीवाणू घातलेला पट्टा सरस ठरल्याचे दिसले नाही.

शेतकऱ्याला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. न कुजलेले पाचट किंवा धसकटे जमिनीत गाडून लगेच पेरणी केली, तर पीक पिवळे पडते. कारण कर्बाने भरलेला काडीकचरा कुजविण्यासाठी जीवाणू जमिनीतील नत्र उचलतात आणि पिकास तो तात्पुरता कमी पडतो. म्हणून कचऱ्याबरोबर शेण किंवा नत्र द्यावे लागते. सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे काडीकचरा, शेण, मूत्रमाती, ओलावा व हवा यांचे प्रमाण बसवून कंपोस्ट खताची पद्धत सिद्ध केली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. खाद्य, ओल, हवा आणि अवधी ही चतुःसूत्री ओढ्याच्या पाण्यासही तितकीच लागू आहे.

बाहेरून आणलेल्या जीवाणूंना कोठेच स्थान नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने तेलगाळ पचविणारा ‘ऑइलझॅपर’ हा जीवाणूसमूह सिद्ध केला असून तेलकंपन्यांच्या साठलेल्या गाळावर त्याचा उपयोग झाला आहे. तेथे गाळ एका जागी पसरलेला असतो, तो वरचेवर उकरून त्यास हवा दिली जाते, ओल राखली जाते, आणि वेळोवेळी तपासणी होते. डाळवर्गीय पिकाच्या बियाण्यास रायझोबियम चोळणारा शेतकरीही योग्य जीवाणू योग्य जागीच ठेवतो. वाहत्या गटाराला यांपैकी कशाचेही पाठबळ नसते.

शेतजमिनीची पचनशक्ती आणि तिची मर्यादा

पाण्याप्रमाणे जमिनीचाही विचार केला पाहिजे. फवारलेल्या औषधांचा काही अंश मातीत उतरतो. तो नाहीसा करण्याचे कामही सूक्ष्मजीवच करतात. १९७३ साली फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या जपानी सहकाऱ्यासह एक जीवाणू वेगळा काढला. ज्या भातखाचरात डायझिनॉन हे कीटकनाशक वारंवार वापरले होते, त्याच खाचरातून तो मिळाला, आणि तो त्या औषधाचे विघटन करीत होता. जमीनही अनुभवाने शिकते, असा याचा अर्थ. त्याचबरोबर एकच औषध पुनःपुन्हा वापरल्यास काही वेळा ते जमिनीत लवकर निकामी का होते, याचाही उलगडा यातून होतो. सेंद्रिय खत, योग्य निचरा आणि औषधांची आलटापालट यांनी ही पचनशक्ती टिकते. पाणथळ व सेंद्रिय द्रव्याने दरिद्री झालेल्या जमिनीत ती क्षीण होते.

परंतु प्रत्येक विष सूक्ष्मजीवांस पचते, अशी भाबडी समजूत नसावी. शिसे, कॅडमियम, क्रोमियम व पारा ही मूलद्रव्ये आहेत. जीवाणू त्यांचे रूप पालटू शकतात. क्रोमियमचे अधिक विषारी रूप कमी विषारी करू शकतात. पण धातूचा नाश करू शकत नाहीत. कारखान्याच्या पाण्याबरोबर शेतात आलेला धातू शेतातच राहतो आणि पुढे पिकाच्या वाटेने ताटात येऊ शकतो. मिठाचेही तसेच. खारावलेली जमीन निचऱ्याने व भूसुधारकांनी सुधारते; मीठ खाऊन टाकणारा जीवाणू नाही. असे पाणी शेतात येऊच न देणे, आणि आल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ग्रामसभेच्या ठरावासह लेखी तक्रार करणे, हाच उपाय होय. जेथे तक्रार करावयास हवी तेथे भुकटी टाकणे म्हणजे अपराध्यास मोकळे सोडणे होय.

गावाने काय करावे

पहिली शुद्धी घराच्या परसात व्हावी. मोरीच्या कडेला केळ, कर्दळ व अळू लावण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. ती केवळ शोभेची नव्हती. मुळांभोवतीच्या मोकळ्या मातीत हवा खेळते व जीवाणूंची वस्ती दाट होते. ज्या घरास परस आहे, त्याने मोरीचे पाणी गटारात सोडण्याचे कारण नाही. मात्र या पाण्यावर कच्ची खाण्याची भाजी घेऊ नये.

परस नसेल तेथे शोषखड्डा करावा. पाणी आधी लहानशा कुंडीतून न्यावे, म्हणजे गाळ व तेलकट साय तेथेच अडते. ती कुंडी दर आठवड्यास साफ करावी. शोषखड्डे बुजतात ते बहुधा ही कुंडी नसल्यामुळे किंवा ती कोणी साफ न केल्यामुळे. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान १५ मीटर दूर असावा, आणि पावसाळ्यातील भूजल त्याच्या तळापासून दीड-दोन मीटर खाली असावे. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. तेथे शोषखड्ड्याचा हट्ट धरू नये.

संडासाचे पाणी मोरीच्या पाण्यात मिसळू देऊ नये. दोन शोषखड्ड्यांचा संडास हा सूक्ष्मजीवांच्या कार्याचा उत्तम नमुना आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरात घ्यावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे किमान दीड वर्षाने दुर्गंधीरहित खत होते. मैल्याच्या खताचा हाच विचार कोकणात कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः हाती फावडे घेऊन मांडला होता, आणि ‘गोपुरी संडास’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले.

एवढे करूनही जे पाणी गटारास येईल, त्याच्यासाठी गावाच्या उताराच्या टोकाला स्थिरीकरण तळे करावे. एक ते दीड मीटर खोलीच्या अशा तळ्यात उन्हामुळे हिरवे शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते, आणि तो घेऊन जीवाणू घाण पचवितात. यास वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. ऊन मात्र भरपूर लागते, आणि आपल्याकडे त्याचा तोटा नाही. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या संस्थेने, जी आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते, भारतीय हवामानात अशा तळ्यांचा अभ्यास प्रारंभापासून केला आहे. दोन हजार वस्तीच्या गावातील ८०,००० लिटर पाण्यास ढोबळ हिशेबाने दहा-बारा गुंठे तळे पुरते. त्याचा नेमका आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्यावा. तळ्याचे काठ गवतमुक्त ठेवावेत, आणि शेवटच्या निवळ तळ्यात गप्पी मासे सोडावेत, म्हणजे डासांस थारा राहणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

गावात दहा गुंठे जागा कोण देणार, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. गावठाणाच्या खालची जमीन कोणाच्या तरी मालकीची असते, आणि आपल्या बांधाशेजारी गावची घाण कोणासही नको असते. परंतु ती घाण आजही त्याच बांधाशेजारून वाहत आहे. तळे झाले तर ती एका जागी बांधली जाईल आणि निवळलेले पाणी चारापिकास किंवा झाडांस वापरता येईल. प्रत्येक घराने आपापले पाणी परसात जिरविले, तर तळ्याची जागाही त्या मानाने कमी लागेल. म्हणून घराघरांतील काम प्रथम, तळे नंतर, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

बाटलीने निदान अपाय तरी होत नाही, असाही युक्तिवाद ऐकू येतो. अपाय होतो. काम झाले असे वाटल्यामुळे खरे काम मागे पडते. वास गेला म्हणजे रोगजंतू गेले असे नव्हे. पाण्यातील नत्रापासून तयार होणारे नायट्रेट विहिरीत उतरते, त्यास वास नसतो आणि रंगही नसतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिच्या पलीकडे बाटलीच्या दुधावरील तान्ह्या मुलास धोका संभवतो. त्या मुलाचे पाणी ओढ्याच्या वासावरून पारखणे ही अक्षम्य चूक होईल. विहिरीचे पाणी वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी एक प्रात्यक्षिक

विक्रेता गावात आलाच, तर ग्रामकार्यकर्त्याने त्याच्याशी वाद घालू नये, प्रात्यक्षिक करावे. ओढ्यातील पाणी सारख्या मापाच्या चार पिंपांत भरावे. पहिल्यात काहीही घालू नये. दुसऱ्यात विक्रेत्याची भुकटी त्याने सांगितलेल्या प्रमाणात घालावी. तिसऱ्यात गावच्याच जुन्या तळ्याचा बादलीभर गाळ घालावा. चौथ्यात काहीही न घालता ते पाणी दिवसातून अनेक वेळा काठीने जोराने घुसळावे. पंधरा दिवस चारही पिंपे सावलीत झाकून ठेवावीत, त्यांवर डास बसू देऊ नयेत, आणि पाण्यास हात लावल्यास साबणाने धुवावेत. नंतर ग्रामसभेसमोर वास व निवळपणा यांची तुलना करावी आणि चारही नमुने तपासणीस पाठवावेत. बियाण्याच्या नव्या वाणाची पारख ज्या शेतकऱ्याने शेजारच्या वाफ्याशी तुलना करून केली आहे, त्यास ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. भुकटीचे पिंप खरोखर सरस ठरले, तर गावाने ते मोकळ्या मनाने मान्य करावे. न ठरले तर निधी कोठे खर्च करावयाचा याचा निर्णय गावच्या डोळ्यांदेखत होईल.

संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि गाव झाडून मगच कीर्तनास उभे राहण्याचा परिपाठ ठेवला. झाडण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणावर सोपविले नाही. मातीतील सूक्ष्मजीवही अहोरात्र झाडतच असतात. त्यांना हवा, ओल, खाद्य आणि अवधी मिळवून देणे एवढेच माणसाच्या वाट्याचे काम आहे. येत्या ग्रामसभेत बाटलीच्या खरेदीचा ठराव आला, तर त्याच बैठकीत एक प्रश्न विचारला जावा : गावातील किती घरांचे मोरीचे पाणी आज त्यांच्याच परसात जिरते? त्या आकड्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर व्हावी, आणि दर महिन्यास तो वाढावा.